रॉकेट स्वस्त, माणूस त्याहून स्वस्त

भारताच्या अवकाश उद्योगाबद्दल सध्या सभांत, स्तंभांत आणि वाहिन्यांवर जे ऐकू येते, ते चार वाक्यांत मावते. इस्रो जगात सर्वांत स्वस्तात काम करते. २०२० मध्ये सरकारने या क्षेत्राचे दार खासगी कंपन्यांना उघडले. आता भांडवल येईल, स्टार्टअप फोफावतील आणि ८.४ अब्ज डॉलरची आपली अवकाश-अर्थव्यवस्था २०३३ पर्यंत ४४ अब्जांवर पोहोचेल. राहता राहिले मनुष्यबळ. तर दरवर्षी लाखो इंजिनिअर बाहेर काढणाऱ्या देशाने त्याची काळजी कशाला करायची?

यातले दुसरे वाक्य खरे आहे. तिसरे ही आशा आहे, आणि आशेशी वाद घालण्यात अर्थ नसतो. माझे भांडण पहिल्याशी आणि चौथ्याशी आहे. कारण स्वस्त रॉकेटाचा अभिमान आणि माणसे आपोआप मिळतील ही खात्री, या दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: या धंद्यात यंत्राला किंमत आहे, ते घडवणाऱ्या हाताला नाही.

आधी स्वस्ताईचे पाहू. २०१४ च्या जूनमध्ये श्रीहरिकोट्याला पंतप्रधान म्हणाले की ‘ग्रॅव्हिटी’ या हॉलिवूडच्या चित्रपटाला जेवढा खर्च आला त्याहून कमी खर्चात आपले यान मंगळाकडे निघाले आहे. सप्टेंबरात न्यूयॉर्कला त्यांनी हिशेब आणखी सोपा केला: अहमदाबादेत रिक्षाला किलोमीटरमागे दहा रुपये पडतात, मंगळ सात रुपयांत पडला. टाळ्या कडाडल्या. तेव्हापासून ही तुलना कौटुंबिक व्हॉट्सअॅप समूहांतून फिरते आहे आणि चंद्रयान-३ च्या ६१५ कोटींनी तिला नवे बळ दिले.

मंगळयान ४५० कोटींत का झाले, हे मात्र या टाळ्यांत कोणी विचारत नाही. पीएसएलव्ही हे तयार, पारखलेले रॉकेट हाताशी होते. यानावर पाचच उपकरणे होती, सगळी मिळून १५ किलोंची. त्या रॉकेटात यानाला थेट मंगळाकडे भिरकावण्याची ताकद नव्हती, म्हणून पृथ्वीभोवती फेऱ्या घालत, दर फेरीला कक्षा लांबवत यान बाहेर काढले. ही तिन्ही कारणे हुशारीची आहेत आणि त्यांचा अभिमान बाळगायला हरकत नाही. सहा महिन्यांसाठी पाठवलेले ते यान आठ वर्षे टिकले, हेही विसरू नये. पण चौथे कारण पगाराचे होते, आणि त्यात हुशारी कसली? इस्रोत नव्याने लागणाऱ्या इंजिनिअरचे मूळ वेतन ५६,१०० रुपये आहे, आयटीआय करून आलेल्या तंत्रज्ञाचे २१,७०० रुपये. भत्ते धरून हातात बरे पडतात, नोकरी कायमची असते, वर देशाचे नाव असते. म्हणून माणसे येतात. सगळीच येतात असे नाही. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनीच २०२३ मध्ये एका मुलाखतीत सांगितले होते की आयआयटीत भरतीसाठी गेलेल्या पथकाने पगाराची रचना दाखवताच अनेक मुले उठून निघून गेली.

तरीही इस्रोतल्या माणसाची फार चिंता करायचे कारण नाही. त्याला वेतन आयोग आहे. चिंता आहे ती इस्रोच्या कुंपणाबाहेरच्या माणसाची, कारण रॉकेटाचा मोठा भाग तिथे घडतो. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला साखर कारखान्यापासून सुरुवात झालेल्या उद्योगाने पुढे पीएसएलव्ही आणि जीएसएलव्ही या रॉकेटांच्या मोटरांची पोलादी आवरणे घडवली. विक्रोळीला गोदरेजमध्ये विकास इंजिने तयार होतात. पवईला लार्सन अँड टुब्रोत बूस्टरचे भाग. ही मोठी नावे झाली. त्यांच्यामागे बंगळुरूच्या पीण्यात, हैदराबादच्या बालानगरात शेकडो लहान वर्कशॉप आहेत. तिथे ड्रॉइंग बाहेरून येते, बरेचदा मालही बाहेरून येतो, आणि काम मिळते ते एल-वन म्हणजे सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला. बोली कमी करायची तर मालक कात्री कुठे लावणार? यंत्राचा हप्ता बँक सोडत नाही आणि विजेचे बिल महावितरण असो वा आणखी कोणी, तेही सोडत नाही. कात्री लागते कारागिराच्या पगाराला, नाहीतर शिकाऊ उमेदवाराच्या संख्येला.

रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनचे उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडले. या सरकारी कंपनीने श्रीहरिकोट्याच्या दुसऱ्या प्रक्षेपणतळासाठी अवजड सामग्री पुरवली होती. २०२३ मध्ये चंद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा तिथले कामगार कित्येक महिन्यांच्या थकलेल्या पगारासाठी आंदोलन करत होते. सरकारने संसदेत खुलासा केला की चंद्रयान-३ चा कोणताही भाग बनवण्याचे काम या कंपनीकडे दिलेले नव्हते, तिने इस्रोला सामग्री पुरवली ती आधीच्या काळात. खुलासा शब्दशः खरा असेल. पण ज्या हातांनी प्रक्षेपणतळ उभा केला त्यांचे पुढे काय झाले, या प्रश्नाला ‘त्या मोहिमेत ते नव्हते’ हे उत्तर होत नाही.

कोणी म्हणेल, ही कामगार चळवळीची भाषा झाली, अवकाशाची नव्हे. मग अवकाशाच्याच भाषेत बोलू. आपली रॉकेटे आणि उपग्रह कशामुळे पडले किंवा निकामी झाले, ते पाहू.

१० जुलै २००६ ला जीएसएलव्ही-एफ०२ हे रॉकेट इन्सॅट-४सी हा उपग्रह घेऊन उडाले आणि मिनिटभरातच वाट सोडून गेले. चौकशी समितीने कारण सांगितले ते असे: चार बाजूच्या इंजिनांपैकी एकातला इंधनाचा प्रवाह राखणारा रेग्युलेटर नीट चालला नाही. तो बनवताना नकळत एक चूक राहून गेली असावी आणि नंतरच्या तपासणीत व स्वीकृती चाचण्यांत ती निसटली असावी, असे समितीने म्हटले. १२ ऑगस्ट २०२१ ला जीएसएलव्ही-एफ१० च्या क्रायोजेनिक म्हणजे अतिथंड द्रव इंधनाच्या टप्प्यात पुरेसा दाब राहिला नाही. कारण निघाले एका झडपेतले मऊ सील खराब होऊन झालेली गळती. २९ जानेवारी २०२५ ला श्रीहरिकोट्याहून शंभरावे प्रक्षेपण झाले, त्याचा सोहळाही झाला. रॉकेटाने काम चोख बजावले. पण एनव्हीएस-०२ हा उपग्रह आपल्या अंतिम कक्षेत जाऊ शकला नाही, कारण इंजिनाला ऑक्सिडायझर पुरवणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत.

एक रेग्युलेटर, एक सील, काही झडपा. या तिन्ही वेळा न्यूटन चुकला नव्हता, कक्षेचे गणितही चुकले नव्हते. चूक होती ती लेथवर, जुळणीच्या टेबलावर किंवा तपासणीच्या खोलीत होते त्या जातीची. अवकाश उद्योगाचे भवितव्य संगणकापुढे बसलेल्या तेजस्वी तरुणाच्या हाती आहे असे आपण मुलांना सांगतो. त्या तरुणाच्या हाती ते आहेच. पण तेवढेच ते झडप बसवणाऱ्या फिटरच्या, वेल्डचा एक्स-रे वाचणाऱ्या निरीक्षकाच्या आणि ‘हा जॉब रिजेक्ट’ असे मालकाच्या तोंडावर सांगण्याची हिंमत असलेल्या तपासनिसाच्या हाती आहे. ही हिंमत कंत्राटी माणसाकडून कशी अपेक्षायची?

जाता जाता एक गोष्ट. २००६ च्या अपयशाचे कारण इस्रोने लोकांसमोर ठेवले, म्हणून मी ते इथे लिहू शकलो. १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरले, त्याच्या चौकशीचा अहवाल मात्र कित्येक महिने लोटले तरी लोकांसमोर आला नव्हता. चूक कुठे झाली हेच कळले नाही तर पुढची पिढी शिकणार कशातून?

वेल्डिंगचे थोडे अधिक सांगतो, कारण ‘इंजिनिअर भरपूर आहेत’ म्हणणाऱ्यांना हा शब्द किरकोळ वाटतो. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा २.८ मीटर व्यासाचा, एलव्हीएम-३ या अधिक जड रॉकेटाचे बाजूचे बूस्टर ३.२ मीटरचे. दोन्हींची आवरणे मॅरेजिंग पोलादाची. हे पोलाद नरम असताना त्याचे तुकडे जोडतात, मग उष्णतेची प्रक्रिया देऊन त्याला कठीण करतात. जोडात केसाएवढी भेग राहिली, ती तपासणीत दिसली नाही, आणि आत दोनशे टन घन इंधन पेटले, तर पुढे काय होते ते सांगायला नको. असा जोड घालणारा माणूस सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रातून तयार होत नाही. त्याला वर्षानुवर्षे तेच काम, तोच धातू, तीच जाडी हाताखालून जावी लागते. आणि इथेच आपल्या धोरणाचे खरे दुखणे आहे: हाताखालून जाईल एवढे काम आपण काढतच नाही.

इस्रो उभी राहिली त्या काळात माणसे घडवण्याबाबतचे धोरण नेमके उलटे होते. केरळमधल्या थुंब्याहून पहिले रॉकेट उडाले २१ नोव्हेंबर १९६३ ला. ते नाइके-अपाचे होते, अमेरिकेचे. पण ते यायच्या आधीच अब्दुल कलाम, आर. अरवमुदन, पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे अशा तरुणांना नासाच्या केंद्रांवर शिकायला धाडले होते. तळाची जागा शोधण्यात विक्रम साराभाईंचे सहकारी एकनाथ चिटणीस होते. ते कोल्हापूरचे. माणसे आधी आणि यंत्र मागून, हा क्रम साराभाईंनी जाणूनबुजून ठेवला होता.

वसंत गोवारीकर इंग्लंडहून परतले आणि १९६७ मध्ये थुंब्याला रुजू झाले. रॉकेटचे घन इंधन विकत आणण्यापेक्षा इथेच घडवायचे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी रसायनशास्त्रज्ञ, यंत्र चालवणारे आणि चाचण्या घेणारे अशांचा मेळ बांधला. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ ने रोहिणी हा उपग्रह कक्षेत नेला तेव्हा गोवारीकर विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. म्हणजे गट बांधण्यापासून फळ येईपर्यंत तेरा वर्षे गेली. त्या काळात कोणी ‘बाजारातून माणसे उचलू’ म्हटले नाही, कारण असा बाजारच नव्हता. आजही नाही. आहे असे आपण गृहीत धरतो, इतकेच.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका व्यवहार विकास इंजिनाचा आहे. १९७४ मध्ये फ्रान्सबरोबर करार झाला. त्यांच्या व्हायकिंग इंजिनाचे तंत्रज्ञान भारताला मिळणार होते. बदल्यात भारताने काय द्यायचे? मुख्यतः माणसे. भारतीय इंजिनिअरांनी फ्रान्समध्ये जाऊन शंभर मनुष्यवर्षे काम करायचे. नंबी नारायणन यांच्यासारखे लोक तिथे गेले, त्यांच्या कारखान्यात, त्यांच्या चाचणीतळावर राबले आणि परत आले ते इंजिनाची नस न् नस जाणून. त्या शिकण्यातून विकास इंजिन उभे राहिले. ते आजही पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात आणि एलव्हीएम-३ मध्ये जळते. त्या व्यवहारात माणूस हे चलन होते, स्वस्त मजूर नव्हे.

क्रायोजेनिकची गोष्ट याच मुद्द्याची उलटी बाजू दाखवते. रशियाशी १९९१ मध्ये करार झाला, अमेरिकेने दडपण आणले, आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार देऊन फक्त तयार टप्पे पुरवले. यंत्र हाती आले, पण ते घडवताना शिकायचे होते ते शिकणे आले नाही. स्वतःचा क्रायोजेनिक टप्पा घेऊन जीएसएलव्ही यशस्वी झाले ५ जानेवारी २०१४ ला. मधली दोन दशके माणसे घडण्यात गेली. त्यातली एप्रिल २०१० ची फसलेली झेपही शिकण्याचाच भाग होती.

आता आजच्या धोरणाकडे या. २०२३ चे अवकाश धोरण आले, परदेशी गुंतवणुकीचे नियम २०२४ मध्ये सैल झाले, हजार कोटींचा साहस-भांडवल निधी मंजूर झाला. स्कायरूटचे विक्रम-एस नोव्हेंबर २०२२ मध्ये उडाले, अग्निकुलचे अग्निबाण मे २०२४ मध्ये. ही उड्डाणे कक्षेपर्यंत जाणारी नव्हती, पण ज्यांनी ती केली त्यांचे कौतुक कमी होत नाही. प्रश्न पुढचा आहे: या कंपन्यांत अनुभवी माणसे कुठून आली? स्कायरूटचे संस्थापक इस्रोतून बाहेर पडलेले. इतर अनेक ठिकाणी सल्लागार म्हणून इस्रोचे निवृत्त अधिकारी. पाच दशकांत इस्रोने जे घडवले, त्यावर हा पहिला बहर आला आहे. नवे काही पेरले नाही तर हे बियाण्याचे धान्य दळून खाण्यासारखे होईल. एक हंगाम पोट भरेल, पुढच्या मृगाला काय करायचे?

पेरायचे म्हणजे काम द्यायचे, सलग आणि लेखी. फेब्रुवारी २०२४ मध्ये खासगी अवकाश कंपन्यांना परवानगी देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेने प्रक्षेपणांचे एकत्रित वेळापत्रक जाहीर केले: मार्च २०२५ पर्यंतच्या १५ महिन्यांत प्रक्षेपणे आणि चाचण्या मिळून सुमारे ३०. त्या १५ महिन्यांत श्रीहरिकोट्याहून कक्षेकडे इस्रोची रॉकेटे निघाली सहा. एखाद्या वर्कशॉपच्या मालकाने त्या तिसाच्या भरवशावर नवे यंत्र घेतले असेल, चार पोरे शिकायला ठेवली असतील, तर सहाच्या हिशेबात त्याने त्यांचे काय केले असेल? पोरे गेली असतील वाहन उद्योगात, नाहीतर आखातात. पुढच्या वेळी तो मालक वेळापत्रकाकडे ढुंकूनही पाहणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या गटाला पीएसएलव्ही संपूर्ण बनवण्याचे ८६० कोटींचे कंत्राट मिळाले. बातमी मोठी होती. कंत्राट किती रॉकेटांचे? पाच. पाच रॉकेटांसाठी कोण नवे शेड बांधेल, कोण प्रशिक्षण केंद्र काढेल?

इथे प्रतिपक्ष आपले हुकमी पान टाकतो: स्पेसएक्स. एक हट्टी माणूस, खासगी पैसा, सरकारचा अडसर नाही, आणि पाहा कुठे पोहोचले. ही कथा अर्धी सांगितली जाते. स्पेसएक्सचे पहिले तीन फाल्कन-१ फसले. चौथे सप्टेंबर २००८ मध्ये यशस्वी झाले. त्यानंतर तीन महिन्यांत, डिसेंबरात, नासाने त्या कंपनीला अंतराळ स्थानकावर माल नेण्याच्या बारा फेऱ्यांचे १.६ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले. ज्या फाल्कन-९ ने तो माल न्यायचा होता, ते तेव्हा एकदाही उडाले नव्हते. ते उडाले २०१० मध्ये. म्हणजे अमेरिकेचे सरकार तिथे नुसते अनुदान वाटून किंवा भाषण करून थांबले नाही. ते गिऱ्हाईक झाले. बारा फेऱ्यांचे काम पुढ्यात असल्यावर कंपनी माणसे घेते, त्यांना चुका करू देते, त्या चुकांतून ती माणसे घडतात.

आपल्याकडे असे झालेच नाही असे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने ५२ टेहळणी उपग्रहांच्या सुमारे २७ हजार कोटींच्या कार्यक्रमाला मंजुरी दिली आणि त्यातले ३१ उपग्रह खासगी कंपन्यांनी बनवायचे ठरले. गेल्या पाच वर्षांतल्या सगळ्या धोरण-दस्तऐवजांपेक्षा हा एक निर्णय मला मोलाचा वाटतो. आकडा आहे, गिऱ्हाईक आहे. असे आणखी पाच निर्णय घेतले तर मनुष्यबळाच्या परिसंवादांची गरज उरणार नाही. त्याच्या जोडीला कायदा हवा. अवकाशविषयक विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये लोकांसमोर आला, पण तो संसदेतून कायदा होऊन बाहेर पडलेला नाही. खासगी रॉकेट कोणाच्या डोक्यावर पडले तर भरपाई कोणी द्यायची, हे कायद्यात लिहिलेले नसताना दहा-दहा वर्षांचे बेत कोण आखेल?

कामाऐवजी आपण अभ्यासक्रम देतो. अभ्यासक्रम काढणे सोपे असते. एरोस्पेसच्या जागा वाढवा, महाविद्यालयाच्या दारात रॉकेटची प्रतिकृती उभी करा, शाळेत ‘स्पेस लॅब’चे फलक लावा. पाण्याच्या बाटलीचे रॉकेट उडवायला शिकवणारी उन्हाळी शिबिरे तर आता गल्लोगल्ली आहेत आणि त्यांची फी पाहिली की अवकाश-अर्थव्यवस्था खरोखर वाढते आहे अशी खात्री पटते. २०२५ मध्ये पुणे जिल्हा परिषदेने आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीने आपल्या शाळांतली मुले निवडून त्यांना नासा आणि इस्रो दाखवायचे ठरवले. हे मला मनापासून आवडले. खेड्यातल्या मुलाने रॉकेट जवळून पाहावे, त्यात वाईट काहीच नाही. पण पाहून परतलेल्या मुलाने दहावीनंतर काय करायचे, या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर तयार असते: आयआयटी. ते जमले नाही की स्वप्न संपले.

इस्रोचा इतिहास या उत्तराला दुजोरा देत नाही. आजचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी आधी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, मग एएमआयई ही अभियांत्रिकी पदवीच्या तोडीची परीक्षा, आयआयटी नंतर. १९८४ मध्ये ते इस्रोत आले आणि क्रायोजेनिकच्या कामात मुरले. चंद्रयान-३ चे प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल विल्लुपुरमच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून पुढे गेले. म्हणजे देशाच्या अवकाश कार्यक्रमाच्या शिखरावरची ही दोन माणसे त्या शिडीने चढली, जिच्याकडे महाराष्ट्रातला मध्यमवर्गीय पालक ‘टक्के कमी पडले’ या नजरेने पाहतो. सोमनाथही कोल्लमच्या महाविद्यालयातून आले होते.

शिकण्याचा खरा नमुना आपल्याकडेच आहे. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ हा एक किलोचा उपग्रह बनवला, तो जून २०१६ मध्ये उडाला. आयआयटी मुंबईचा दहा किलोचा ‘प्रथम’ त्याच वर्षी सप्टेंबरात. दोन्ही प्रकल्पांना आठ-नऊ वर्षे लागली. मुलांच्या कितीतरी तुकड्या त्यात आल्या, सोल्डरिंग केले, चाचणीत नापास झाल्या, परत बसल्या. अशा कामातून जे शिकता येते ते कोणत्याही पदवीत नाही. दुसरीकडे ‘आझादीसॅट’ आहे: ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींचा सहभाग असलेला उपग्रह. ऑगस्ट २०२२ मध्ये एसएसएलव्ही या लहान रॉकेटाच्या पहिल्या उड्डाणात तो हरवला, फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसरा गेला. मुलींचा आनंद खरा होता. पण साडेसातशे मुलींच्या वाट्याला त्या आठ किलोंतले काम किती आले असेल? तो कार्यक्रम होता, कार्यशाळा नव्हती.

एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देणार नाही. काही अभ्यासू मंडळी म्हणतात: जगाच्या अवकाश-अर्थव्यवस्थेत प्रक्षेपणाचा वाटा शंभर रुपयांत दोन रुपयांच्या आसपास आहे. खरा पैसा उपग्रहांच्या सेवांत आणि जमिनीवरच्या उपकरणांत. मग वेल्डर आणि फिटर यांचे रडगाणे कशाला? नोकऱ्या डेटात आहेत.

आकडा बरोबर आहे. निष्कर्ष अर्धवट आहे. पहिले म्हणजे, ज्याच्याकडे स्वतःचे रॉकेट आणि उपग्रह नाहीत त्याला डेटाचा भाव दुसरा सांगतो. दुसरे म्हणजे, डेटाचे काम तरी आपण नीट माणसे लावून करतो का? हैदराबादचे इन्कॉइस हे सागरी माहिती केंद्र मच्छीमारांना मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे याची सूचना उपग्रहाच्या निरीक्षणांवरून देते, ती कोकण किनाऱ्यावरही पोहोचते. नागपूरला महाराष्ट्राचे स्वतःचे सुदूर संवेदन केंद्र १९८८ पासून आहे. २०२३ मध्ये पीकविम्यात उत्पादनाचा अंदाज काढताना उपग्रहावर आधारित आकडेवारीला ३० टक्के भार देण्याची पद्धत आली. आता विचार करा: सोयाबीनच्या शेतकऱ्याला नुकसानभरपाई कमी मिळाली आणि ‘उपग्रहाने असे सांगितले’ एवढेच उत्तर मिळाले, तर त्याच्याबरोबर बांधावर उभे राहून ते चित्र वाचून दाखवणारा, चूक असेल तर ‘चूक आहे’ म्हणणारा माणूस त्या तालुक्यात कोण आहे? राज्यातल्या साडेतीनशेहून अधिक तालुक्यांना असा एकेक प्रशिक्षित, कायम नोकरीतला माणूस द्यायचा म्हटला तरी कृषी पदवीधरांना केवढे काम निघेल. पण तिथेही आपली सवय तीच: कंत्राटावर एक मुलगा घ्या, त्याच्यापुढे संगणक ठेवा, अकरा महिन्यांनी दुसरा घ्या. रॉकेट असो की नकाशा, माणूस स्वस्तात उरकायचा.

म्हणून वाचकांना, विशेषतः पालकांना आणि आपापल्या लोकप्रतिनिधींना प्रश्न विचारू शकणाऱ्यांना, एक विनंती. पुढच्या वेळी व्यासपीठावरून कोणी ४४ अब्ज डॉलरचा आकडा सांगितला, तर टाळी वाजवण्याआधी विचारा: येत्या पाच वर्षांत सरकार किती रॉकेटे आणि किती उपग्रह विकत घेणार, हे लेखी दिले आहे का? त्या कंत्राटांत शिकाऊ उमेदवार घेण्याची आणि त्यांना नीट वेतन देण्याची अट आहे का? सर्वांत कमी बोलीचा नियम झडपा आणि सील यांच्या बाबतीत तरी बाजूला ठेवला आहे का? आपल्या जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये अवकाश दर्जाचे वेल्डिंग आणि एक्स-रे तपासणी शिकवणारा एक तरी निदेशक नेमला आहे का? उत्तरे मिळेपर्यंत मंगळ किती रुपये किलोमीटर पडला, हे कृपया कोणी सांगू नये.